टोमण्यांचे वेळापत्रक

रविवार, दि. १२ जानेवारी २०२५ रोजी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी ‘तापीकाठ परिवार’ या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये २१४ सदस्य होते. त्यांपैकी ३७ जणांनी त्या घटकेपर्यंत प्रत्येकी एक संदेश पाठवला होता. ३५ संदेशांत गुलाबाचे फूल होते, एकात उगवता सूर्य होता, आणि उरलेल्या एकात बियाण्यांचे दुकान चालवणाऱ्या भाईदासने आपल्या विहिरीवरच्या मोटारीचा जळालेला स्टार्टर चुकून पाठवला होता. त्या स्टार्टरलाही अकरा जणांनी ‘शुभ सकाळ’ असे उत्तर दिले.

मी या ग्रुपचा अॅडमिन. धुळ्याच्या तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली आणि नंतर चौतीस वर्षे एका साखर कारखान्याच्या देखभाल विभागात काढली. वापराविना पडून राहिलेले यंत्र जाम होते, हे मला कोणी शिकवायला नको. ग्रुप जाम झाला होता. त्यात थोडी थट्टा, थोडी चिथावणी असे वंगण सोडणे आवश्यक होते.

विनोद आपोआप घडतो, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. योग्य नियोजन केले, वेळ ठरवली आणि जबाबदार व्यक्ती नेमली, तर हसू रोज सकाळी आठ वाजता तयार करता येते. मी ते करून दाखवले. पुढे जे घडले, ते नियोजनाच्या अभावामुळे घडले नाही, एवढे आधीच नमूद करतो.

जबाबदार व्यक्ती म्हणून मी शांतीलालची निवड केली. शांतीलाल माझा तंत्रनिकेतनातला सोबती. नोकरी सोडून त्याने नवापूरला पोल्ट्री टाकली. स्वतः अंड्याला शिवत नाही, पण अर्ध्या सुरतेला अंडी पुरवतो. एकांतात आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो. चार लोकांत मात्र तो ‘शांतीलालशेठ’ आणि मी ‘अमृतभाऊ’. मी त्याला फोन करून योजना समजावून सांगितली. रोज सकाळी ठीक आठ वाजता मी त्याला एक टोमणा मारायचा, आठ वाजून दहा मिनिटांनी त्याने मला एक मारायचा.

“आनि आठ वाजाले मी कोंबड्यास्ले दाना टाकी ऱ्हायनू त?” त्याने विचारले.

“दाणा साडेसातला टाक.”

“भो, तू कॉलेजमा बी असाच व्हता. हसाना पहिले सरले इचारे.”

शांतीलालचा होकार मी असाच ओळखतो.

यानंतर मी एक नोंदवही आखली. पहिल्या पानावर योजनेचा उद्देश, त्याखाली वर्ज्य विषय: बायका-मुले, आजारपण, जात, राजकीय पक्ष आणि टक्कल. टक्कल शांतीलालच्या आग्रहावरून घातले. त्याखाली मान्य विषय: शेती, धंदा, कॉलेजातले गुण, आणि सर्वांत निर्धोक म्हणून खाणेपिणे. त्याच संध्याकाळी नंदुरबारला एका लग्नात भेट झाली, तेव्हा त्या पानावर आम्ही दोघांनी सह्या केल्या. पुढच्या पानांवर दिनांक, वेळ, विषय, तीव्रता आणि प्रतिसाद असे रकाने पाडले. तीव्रता एक ते पाच या प्रमाणात मोजायची होती.

सोमवारी आठ वाजता मी लिहिले, ‘नवापूरच्या शांतीलालशेठांच्या कोंबड्या अंडे देण्यापूर्वी मुनीमजींची परवानगी घेतात, कारण शेठ काही ठरवत नाहीत, हे त्यांच्याही लक्षात आले आहे.’

आठ दहाला शांतीलालचे उत्तर आले, ‘अमृतभाऊस्ना केळीना घड इतला बारीक शे, सुरतना व्यापारी त्याले लवंग समजीसन ताजवामा टाकस.’

दहा वाजेपर्यंत ८७ उत्तरे आली. वर्षभर मुके असलेले सदस्य बोलू लागले. एकाने माझ्या केळीसाठी दोन मिनिटांचे मौन सुचवले. कोणीतरी शांतीलालच्या कोंबड्यांच्या नावाने निवडणुकीचे निवेदन लिहिले. गुलाबाची फुले ३५ वरून ९ वर आली. मी आलेख काढला. रेघ चढती होती.

शेती आणि धंदा पहिल्या आठवड्यातच संपले. कॉलेजातले गुण काढणे दोघांच्याही हिताचे नव्हते. म्हणून दि. २० पासून आम्ही खाणेपिणे हा विषय घेतला.

मी लिहिले, ‘शांतीलालशेठांच्या घरच्या चहात दूध असते, असे शेठ सांगतात. आम्ही त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून प्यालो.’

त्याने लिहिले, ‘अमृतभाऊस्कडे जेवाले गऊ व्हतू. वरणमा दाळ शोधाकरता त्यास्नी माले भिंग दिन्हं.’

मी त्याच्या घरच्या पुऱ्या काढल्या, त्याने आमच्या घरचा पापड काढला. आठ दिवस हे चालले. प्रतिसादाचा आकडा १४० वर गेला, पण त्यातला सूर बदलला होता. लोक खदखदून हसण्याऐवजी ‘वा’, ‘छान’, ‘शोभतं’ असे लिहू लागले. काहींनी हात जोडले. माझ्या वहीत ‘छान’साठी रकाना नव्हता, म्हणून मी ते हास्यातच धरले.

मंगळवारी, दि. २८ रोजी, भाईदासच्या दुकानात खत घ्यायला गेलो. त्याने खुर्ची पुसून दिली. यापूर्वी त्याने मला पोत्यावर बसवले आहे.

“भाऊ, पेढा कव्हय खवाडतस?”

ग्रुपच्या यशाबद्दल विचारतो आहे, हे उघड होते.

“एवढ्यात नको,” मी म्हणालो. “अजून काही दिवस चालू दे. सगळे श्रेय शांतीलालशेठांचे. आम्ही दोघांनी आधीच ठरवून घेतले होते, कोणाला कळू दिले नाही.”

“आनि घरमा? वहिनीस्ले?”

“तिलाही नाही. बायकांना आधी सांगितले की बेत पातळ होतो.”

भाईदासने माझ्याकडे ज्या आदराने पाहिले, तसे कारखान्यातही कोणी पाहिले नव्हते. खताची गोणी त्याने स्वतः गाडीवर ठेवली.

आता आमच्या घरात त्या वेळी काय चालू होते, ते सांगणे आवश्यक आहे. आमची एकुलती मुलगी प्रतिभा सत्तावीस वर्षांची, धडगावला कृषी खात्यात नोकरीला. तळोद्याकडच्या हिलालभाऊंचा मुलगा धीरज ठिबक सिंचनाची कामे घेतो. तो धडगावच्या डोंगरात नळ्या टाकायला जात असे आणि त्या टाकताना प्रतिभाच्या कार्यालयात त्याला गरजेपेक्षा जास्त वेळा जावे लागत असे. दोघांचे जमले होते. दोन्ही घरांना पसंत होते. रविवारी, दि. २ फेब्रुवारीला हिलालभाऊ सहकुटुंब आमच्याकडे होकार द्यायला येणार होते. हिलालभाऊ ग्रुपमध्ये होते, पण फक्त वाचायचे, लिहायचे नाहीत.

बुधवारी त्यांचा फोन आला.

“अमृतभाऊ, नमस्कार. आपली प्रकृती उत्तम आहे ना?”

“आपल्या कृपेने. आपली?”

“ठीक आहे. रविवारी येण्याचे आम्ही रहित करत आहोत. आपली अडचण आम्ही समजू शकतो. आपण संकोचामुळे कळवू शकला नाहीत, त्याबद्दल मनात काही नाही. प्रतिभाताईंना अभिनंदन कळवावे.”

मला एक अक्षर समजले नाही. पण होऊ घातलेल्या व्याह्याला उलट प्रश्न विचारणे शिष्टाचाराला धरून नव्हते. मी म्हणालो, “आपल्या सोयीप्रमाणे. आमची काही हरकत नाही.”

“आभारी आहोत,” ते म्हणाले. मग फोन बंद झाला.

मी आत जाऊन आमच्या सौ. मोहिनीला सांगितले, “रविवारी हिलालभाऊ येत नाहीत. प्रतिभाचे अभिनंदन केले आहे त्यांनी.”

“कशाचं अभिनंदन?”

“ते मी विचारले नाही.”

मोहिनीने पोळपाट बाजूला ठेवला. माझा मोबाइल घेतला आणि दि. २० पासूनचे सर्व टोमणे क्रमाने, एकही न गाळता, मोठ्याने वाचले. चहा, वरण, पुऱ्या, पापड.

“अहो, हे कोण कोणाला बोलतं?”

“मित्र मित्राला.”

“मित्र बोलतो चहाला? तुमच्या सगळ्या हयातीत कोणी मित्र बोलला तुमच्या चहाला?”

मी आठवून पाहिले. कोणी बोलला नव्हता.

आमच्याकडे सोयरीक जुळेपर्यंत दोन्ही घरे एकमेकांशी इतक्या अदबीने बोलतात, की ती न्यायालयात उभी आहेत असे वाटावे. पण एकदा साखर वाटली गेली, की त्या क्षणापासून व्याह्याने व्याह्याच्या चहाला, वरणाला, बैलाला, टोपीला नावे ठेवावीत, बायकांनी गाण्यांतून त्याचे वाभाडे काढावेत, आणि ज्याचे निघाले त्याने मिशीत हसावे, असा रिवाज आहे. तो व्याह्याचा हक्क आहे. दुसऱ्या कोणी चहाला नावे ठेवली, तर भांडण होते. शांतीलाल आणि मी आठ दिवस एकमेकांच्या चहा-जेवणाला चव्हाट्यावर नावे ठेवत होतो आणि भांडण काही होत नव्हते. शांतीलालचा मुलगा सुरतेला असतो, अविवाहित आहे. दोनशेबारा सुज्ञ माणसांनी यातून निघणारा एकमेव निष्कर्ष काढला होता. तो मुलगा प्रतिभापेक्षा चार वर्षांनी लहान आहे, हे मात्र कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

सहासष्ट वर्षे मला हा रिवाज ठाऊक होता. वर्ज्य विषयांच्या यादीत मी टक्कल घातले आणि चहा विसरलो.

“आत्ताच्या आत्ता हिलालभाऊंच्या घरी जा,” मोहिनी म्हणाली.

“आधी लेखी खुलासा करतो. मग कोणाच्याही मनात शंका राहणार नाही.”

गुरुवारी दुपारी, तीन मसुदे फाडल्यानंतर, मी ग्रुपवर पुढील निवेदन टाकले: ‘सर्व सदस्यांस कळविण्यात येते की, माझे कुटुंब आणि श्री. शांतीलालशेठ यांचे कुटुंब यांच्यात कोणतेही नाते नाही, व भविष्यातही असणार नाही. याची सर्वांनी नोंद घ्यावी.’

भाईदासने सर्वांत आधी नोंद घेतली. ‘मोडनं का, भाऊ?’

यानंतर सांत्वनाचे ६४ संदेश आले. एकाने लिहिले, ‘देव दुसरे दार उघडतो.’ शहाद्याचे कापडाचे व्यापारी लालचंदशेठ यांनी मला स्वतंत्र संदेश पाठवला, की नवरदेवाकडचे कापड आमच्या दुकानातून घेतले असल्यास परत घेऊ, मात्र घडी मोडलेली नसावी. तहसील कार्यालयातून निवृत्त झालेले नवलसिंग यांनी समेटासाठी सात जणांची समिती जाहीर केली. अध्यक्ष म्हणून त्यांनी स्वतःचे नाव टाकले.

या गडबडीत शांतीलालला फोन करायचे राहून गेले. तो शब्दाचा पक्का माणूस. शुक्रवारी सकाळी माझा टोमणा आला नाही, तरी आठ वाजून दहा मिनिटांनी त्याने आपला पाठवला: ‘अमृतभाऊस्ना शब्द आनि त्यास्नी जुनी मोटारसायकल, दोन्ही चढ उना का बंद पडतस.’

दि. २८ पर्यंत या वाक्याची तीव्रता मी दोन धरली असती. मोडलेल्या सोयरिकीच्या दुसऱ्या दिवशी ती मोजायला माझे प्रमाण अपुरे पडले. ग्रुपचे उभे दोन तट झाले. शब्द कोणी मोडला, यावर दुपारपर्यंत ३०६ संदेश पडले. नवलसिंगांच्या समितीतून तीन सदस्य बाहेर पडले आणि त्यांनी वेगळी समिती काढली.

मी शांतीलालला फोन लावला.

“तू हे का पाठवलेस?”

“मी त येळवर पाठाडं. तूच चुकना. आठ वाजाले तुन्हा काही उनं नही.”

“अरे, आपली सोयरीक झाली असे लोक समजले होते. आता ती मोडली असे समजताहेत.”

तो हसू लागला. मी घड्याळ पाहिले. चाळीस सेकंद हसला.

“भो, आपन दोन्ही इंजिनियर, व्याही व्हयनूत, सोयरीक मोडी बी टाकी, आनि आपलेच खबर नही.”

“हिलालभाऊंनी प्रतिभाचे नाव सोडले आहे, शांतीलाल.”

त्याचे हसणे थांबले. “कव्हय जानं शे त्यास्ना घर, ते सांग,” तो म्हणाला.

शनिवारी प्रतिभा आली. धडगावाहून जीपने शहाद्यापर्यंत, तिथून घरी. ती आरडाओरडा करत नाही. लहानपणी तिचा गुडघा फुटला, तरी तिने फक्त रक्ताकडे बोट दाखवले होते. ती पाणी प्यायली आणि माझ्यासमोर बसली.

“नाना, मी रोज वाचत होते. पहिले मला पण मजा वाटली. मग चहा सुरू झाला. मला वाटलं, मला न विचारता ठरवून टाकलं की काय.”

“तुला असे वाटलेच कसे?”

“तुम्ही भाईदासकाकांना म्हणालात ना, घरात कोणाला सांगितलं नाही म्हणून. ते धडगावपर्यंत आलं.” तिने ग्लास खाली ठेवला. “धीरज गुरुवारपासून माझ्याशी दोन शब्दांच्या वर बोलत नाही. मी त्याला सांगते, असं काही नाही. तो म्हणतो, तुझ्या वडिलांनी माझ्या वडिलांना तोंडाने सांगितलं, आमची हरकत नाही.”

ते मी शिष्टाचार म्हणून बोललो होतो. पण शिष्टाचाराचे नाव तिच्यासमोर काढवेना.

“मला धीरजच पाहिजे, हे मी तुम्हाला लेखी द्यायला हवं होतं का, नाना?”

रविवारी सकाळी शांतीलाल नवापूरहून आपली गाडी घेऊन आला. त्याने इस्त्रीचे कपडे घातले होते. प्रतिभा त्याच्या पाया पडली, तेव्हा तो गडबडून म्हणाला, “बेटा, मी काही तुन्हा सासरा नही व्हं,” आणि मोहिनीने त्याला गप्प केले. आम्ही दोघेच निघालो. मी नोंदवही सोबत घेतली.

हिलालभाऊंनी आमचे स्वागत दारात उभे राहून केले. “यावे. आपण बसावे.” त्यांच्या पत्नी वत्सलाबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबल्या. धीरज कोपऱ्यात उभा होता आणि पंख्याकडे पाहत होता. चहा आला. तो साखरेऐवजी मीठ घालून दिला असता, तरी त्या दिवशी मी त्याची स्तुतीच केली असती.

“चहा अत्यंत उत्तम आहे,” मी म्हणालो.

“आपण मोठ्या मनाचे आहात,” हिलालभाऊ म्हणाले. त्यांचा चेहरा हलला नाही.

मी सर्व निवेदन केले. ग्रुपची अवस्था, गुलाबाची फुले, वंगण, वेळापत्रक. शांतीलाल मधून मधून ‘खरं शे’ म्हणत होता. शेवटी मी वही त्यांच्या हाती दिली. हिलालभाऊंनी चष्मा लावला. पहिल्या पानावरची तारीख पाहिली, सह्या पाहिल्या, दोन्ही सह्यांवर बोट ठेवले. मग पान उलटले. ते सावकाश वाचत होते आणि त्यांच्या मुद्रेवरून मुलीचे काय होणार, ते कळत नव्हते. वाचन पंचवीस मिनिटे चालले.

“येथे ‘तीव्रता दीड’ असे आहे. म्हणजे काय?” त्यांनी विचारले.

“दोनपेक्षा कमी, परंतु एक म्हणण्याइतकी सौम्य नाही.”

“कोण ठरवतो?”

“मी.”

“आपण स्वतः हसून पाहता का?”

“नाही. अंदाजाने.”

धीरजने पंख्यावरची नजर काढली आणि खिडकीबाहेर लावली. त्याचे खांदे हलत होते. हिलालभाऊंनी शेवटचा आलेख पाहिला, वही मिटली, गुडघ्यावर ठेवली, चष्मा काढून खिशात टाकला. आणि पहिल्यांदाच शुद्ध भाषा सोडून ते बोलले.

“भाऊ, हाई वही आठेच, मन्हाकडे ठी जा. मन्ही मायले तीन वरीसपाईन झोप येत नही. रोज एक पान वाची दखाडसू.”

मला वाईट वाटले. वृद्ध माणसाला झोप न लागणे ही गंभीर बाब आहे. “त्यांना जायफळ उगाळून द्या,” मी सांगितले. “शिवाय दुपारचा चहा बंद केल्यास पुष्कळ फरक पडतो.”

शांतीलालने माझ्या बरगडीत कोपर मारले.

“भो, त्यास्नी तुले टोमना मारा.”

“मला?”

“तुलेच. व्याही व्हयना तू. हस.”

मी हसलो. वत्सलाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या आणि साखरेची वाटी घेऊन बाहेर आल्या. धीरज फोन घेऊन अंगणात पळाला. तो दोन शब्दांपेक्षा बराच जास्त बोलत असल्याचे आतपर्यंत ऐकू येत होते.

माझ्या तळहातावर साखर पडली. आता रिवाजाप्रमाणे पाळी माझी होती. हिलालभाऊ मिशीला हात लावून तयारीत बसले. वत्सलाबाई वाटी धरून थांबल्या. शांतीलालने डोळ्यांनी खुणा केल्या. समोर हिलालभाऊंची टोपी होती, खुंटीला वाकडी छत्री होती, ओसरीत एक रेडा रवंथ करत होता. साहित्य भरपूर होते. मी प्रत्येक वस्तूचा क्रमाने विचार केला. साधारण चार मिनिटे गेली.

“मला उद्या सकाळी आठपर्यंत मुदत मिळाली, तर बरे होईल,” मी म्हणालो.

“ल्या, ल्या,” हिलालभाऊ म्हणाले. “लगीन त मे महिनामा शे.”

लग्न दि. २ मे रोजी लागले. प्रतिभा आणि धीरज धडगावला आनंदात आहेत. साखर वाटली गेली त्या क्षणापासून आजअखेर हिलालभाऊंनी मला मारलेले टोमणे १४३; मी परत केलेले, शून्य.